अखाजीची कोर आणि वाऱ्याची सावली

गेल्या अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण माहेरी आली, तेव्हा तिच्यासोबत तिचा नववीत जाणारा मुलगाही आला होता. दुपारी आमरसाचे जेवण झाले, पितरांची घागर आणि तिच्यावरचे डांगर अजून देवघरापुढे तसेच होते, लिंबाला बांधलेल्या झोक्यावर पोरींची गाणी चालली होती, आणि ऊन उतरल्यावर आम्ही मामा-भाचे तापीकाठच्या मळ्यात गेलो. चोपडा तालुक्यातला हा आमचा केळीचा मळा. त्याच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला वडिलांनी शेवरीची दाट रांग लावली होती, कारण वैशाखातला पश्चिमेचा वारा केळीला उन्हापेक्षाही अधिक छळतो. पाने शिरेपासून कडेपर्यंत फाटून त्यांच्या झालरी होतात आणि घडाने जड झालेली झाडे बांबूचा टेकू असूनही कलतात.

शेवरीच्या मागे उभे राहिले की वारा कमी झालेला लगेच जाणवतो. मात्र त्या संध्याकाळी भाच्याच्या लक्षात आले ते वेगळेच होते. रांग जिथे संपते त्या टोकाकडून वारा वळून आत येत होता, आणि दुसऱ्या बाजूला रांगेत जी एक खिंड पडली आहे तिथूनही येत होता. दोन्हीकडून आलेली धूळ आणि वाळल्या पानांचे तुकडे मधल्या निवांत पट्ट्यात एकमेकांना भेटत होते, तिथे घटकाभर घुटमळत होते आणि मग पुढच्या सरीत शिरत होते. रांगेला अगदी लागून असलेल्या झाडाची पाने शांत होती. त्याच्यापुढची चौथी-पाचवी ओळ मात्र उगाच थरथरत होती, आणि तिचे थरथरणे उघड्यावरच्या झाडांसारखे एका दिशेचे नव्हते.

अंधार पडू लागला तशी शेवरीच्या शेंड्यांवर तृतीयेची कोर दिसू लागली. भाच्याने विचारले, “मामा, चंद्रावर वारा नाही ना?” मी त्याला नाही म्हणालो. बावीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवताना मी हेच उत्तर देत आलो आहे आणि परीक्षेच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण उत्तर देऊन झाल्यावर मला ते टोचत राहिले, कारण आमच्या समोर त्या घडीला आकाशात जो चंद्र होता, तो सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर वेगाने वाहणाऱ्या वाऱ्यात उघडा उभा होता आणि त्या वाऱ्याच्या लाटा त्याच्या पुढे आणि मागे उठत होत्या. त्या संध्याकाळी मी त्याला जे सांगितले आणि नंतर जे सांगायचे राहून गेले, ते इथे लिहीत आहे.

हा वारा सूर्याचा. सूर्याभोवतीचे प्रभामंडल दहा लाख अंशांहून अधिक तापलेले असते, आणि इतक्या तापलेल्या वायूला सूर्याचे गुरुत्व धरून ठेवू शकत नाही. तो सतत बाहेर वाहत राहतो. धूमकेतूंच्या शेपट्या सूर्यापासून नेहमी दूर का वळलेल्या असतात, याचा विचार करताना लुडविग बिअरमान यांनी १९५१ मध्ये असे सुचवले होते की सूर्याकडून कणांचा प्रवाह अखंड येत असला पाहिजे. यूजीन पार्कर यांनी १९५८ मध्ये त्याचे गणित मांडले. तो लेख दोन परीक्षकांनी नाकारला होता. नियतकालिकाचे संपादक सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनाही ती कल्पना पटली नव्हती, पण गणितात चूक सापडत नाही हे पाहून त्यांनी लेख छापला. आपल्याला न पटलेल्या गोष्टीला, तिच्यात चूक दाखवता येत नाही एवढ्याच कारणाने वाट करून देणे, हे मला चंद्रशेखरांच्या मोठ्या कामांइतकेच मोठे वाटते आणि दरवर्षी वर्गात मी हा प्रसंग सांगतो. पुढच्याच वर्षी सोव्हिएत ल्युना यानांनी या कणांची पहिली चाहूल टिपली, आणि १९६२ मध्ये शुक्राकडे निघालेल्या मरिनर २ ने कित्येक महिने नोंदी घेऊन सौरवारा अखंड वाहतो हे निश्चित केले.

सौरवाऱ्याला वारा म्हणायचे ते केवळ त्याच्या वाहण्यामुळे. आपण श्वासात घेतो त्या हवेच्या एका घन सेंटीमीटरमध्ये सुमारे अडीच लाख कोटी कोटी रेणू असतात. पृथ्वीजवळच्या सौरवाऱ्यात तेवढ्याच जागेत साधारण पाच प्रोटॉन आणि तितकेच इलेक्ट्रॉन असतात. शेवरीतून येणारी हवा पुढे सरकते ती रेणूंनी एकमेकांना धक्के दिल्यामुळे. सौरवाऱ्यातला एक कण दुसऱ्यावर आदळायचा तर सरासरीने जवळजवळ सूर्य-पृथ्वी अंतराएवढी, म्हणजे पंधरा कोटी किलोमीटरची वाट चालावी लागते. इथवर ऐकून भाच्याने अगदी योग्य शंका काढली की कण एकमेकांना शिवतच नसतील तर तिथे लाट कशी उठेल? पाण्याची लाट पाणी पाण्याला ढकलते म्हणून चालते आणि आवाज हवा हवेला ढकलते म्हणून चालतो.

याचे उत्तर प्लाझ्मा या अवस्थेत आहे. सौरवाऱ्यातला प्रत्येक कण विद्युतभारित आहे आणि भारित कणांना एकमेकांना शिवावे लागत नाही. थोडे इलेक्ट्रॉन आपल्या जागेवरून सरकले की मागे धनभार उघडा पडतो, तो त्यांना परत ओढतो, ते वेगात परत येतात आणि मूळ जागा ओलांडून पलीकडे जातात, तिथून पुन्हा ओढले जातात. हे दोलन फक्त इलेक्ट्रॉनांच्या दाटीवर अवलंबून असते. घन सेंटीमीटरला पाच इलेक्ट्रॉन असले तर ते सेकंदाला सुमारे २०,००० वेळा होते. ज्यांनी १९२८ मध्ये प्लाझ्मा हा शब्द या अवस्थेला दिला, त्या अर्विंग लँगम्यूर यांचेच नाव या दोलनांना आहे. शिवाय सौरवारा आपल्यासोबत सूर्याचे चुंबकीय क्षेत्रही घेऊन येतो. ते फार क्षीण असते, साधारण पाच नॅनोटेस्ला, म्हणजे आपल्या होकायंत्राची सुई ज्यामुळे हलते त्या क्षेत्राच्या सुमारे आठ हजाराव्या भागाएवढे. तरीही भारित कण त्याच्या बलरेषांभोवती फिरत राहतात आणि ताणलेल्या दोरीसारख्या त्या रेषांवरूनही लाटा धावतात. या दुसऱ्या जातीच्या लाटांचे गणित हानेस आल्फवेन यांनी १९४२ मध्ये केले, तेव्हा फार थोड्यांनी त्यावर विश्वास ठेवला. त्या कामासाठी त्यांना १९७० मध्ये नोबेल मिळाले.

आता या वाऱ्यात चंद्र ठेवून पाहू. पृथ्वीला स्वतःचे चुंबकीय क्षेत्र आहे, त्यामुळे सौरवारा तिच्यापर्यंत पोहोचण्याआधीच अडतो, तुंबतो, त्याची एक मोठी धक्कालाट समोर उभी राहते आणि तो कडेने वळून निघून जातो; नदीच्या पुरात पुलाच्या खांबापुढे पाणी फुगते तसे. चंद्राजवळ असे काहीच नाही. सर्व चंद्राला व्यापणारे चुंबकीय क्षेत्र नाही, आणि त्याच्याभोवती वायूचा जो अंश आहे तो इतका विरळ की त्याला वातावरण म्हणता येत नाही. म्हणून वारा सरळ येऊन मातीवर आदळतो आणि बहुतेक सगळा तिथेच जिरतो. एक्सप्लोरर ३५ हे यान जुलै १९६७ मध्ये चंद्राभोवती फिरण्यासाठी गेले, तेव्हा त्याला चंद्रापुढे धक्कालाट सापडली नाही. सापडली ती मागची पोकळी. चंद्राचा व्यास जवळजवळ ३,४७५ किलोमीटर आहे, आणि तेवढ्या रुंदीचा वारा समोरच्या बाजूला शोषला गेल्यामुळे मागच्या बाजूला तेवढ्याच रुंदीचा एक रिकामा बोगदा तयार होतो.

ही पोकळी म्हणजे वाऱ्याची सावली. साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या एकमेकींपासून बऱ्याच अंतरावर उभ्या केलेल्या दिसतात, त्यामागे अशाच सावलीचा विचार असतो. पुढच्या चक्कीने ओढून घेतलेला वारा मागे पुन्हा भरून यायला जागा लागते. पण प्रकाशाची सावली आणि वाऱ्याची सावली यांत मोठा फरक आहे. प्रकाशाच्या सावलीची कड ही केवळ भूमिती आहे. चाळीसगावजवळच्या पाटण इथे भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेराव्या शतकाच्या आरंभी मठ स्थापन केला, त्याचा शिलालेख आजही तिथे आहे. शंकूची छाया मोजण्यापासून ग्रहणातल्या पृथ्वीच्या छायेपर्यंतचे गणित त्या मठात शिकवले जात असणार. तिथे विद्यार्थ्यांना घेऊन गेलो की मला नेहमी वाटते, छायेचे गणित आपल्या खानदेशच्या मातीत आठशे वर्षांपूर्वी शिकवण्याचा विषय होते. वाऱ्याच्या सावलीची कड मात्र स्थिर राहत नाही. ती तयार होता क्षणीच भरू लागते आणि लाटा उठतात त्या या भरण्यातून.

भरणे कसे होते, ते सावकाश पाहण्यासारखे आहे. पोकळीच्या कडेला प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन दोन्ही आहेत. दोघेही वाऱ्यासोबत ४०० किलोमीटरच्या वेगाने पुढे चालले आहेत, पण त्यांची स्वतःची उष्णतेची धावपळ वेगळी आहे. प्रोटॉन इलेक्ट्रॉनपेक्षा १,८३६ पट जड, म्हणून त्याची आडवीतिडवी धाव सेकंदाला चाळीस-पन्नास किलोमीटर एवढीच. इलेक्ट्रॉनची मात्र सेकंदाला दोन हजार किलोमीटरच्या घरात. साहजिकच कड ओलांडून पोकळीत आधी घुसतात ते इलेक्ट्रॉन. ते आत गेले की पोकळीचा गाभा ऋणभारित होतो आणि बाहेर राहिलेल्या प्रोटॉनांना आत ओढू लागतो. त्याच वेळी तोच ऋणभार मागून येणाऱ्या इलेक्ट्रॉनांना रोखतो. अशा रीतीने हलक्यांची धाव आणि जडांची मंद चाल यांच्यात एक विद्युतक्षेत्र ताणले जाते. गाभ्याचे विभव बाहेरच्यापेक्षा काहीशे व्होल्टने खाली असते. पहिला इलेक्ट्रॉन आत शिरला नसता तर प्रोटॉन आपल्या मंद चालीने कितीतरी उशिरा आले असते.

शिवाय हे भरणे सगळ्या बाजूंनी सारखे होत नाही. भारित कण बलरेषांच्या दिशेने मोकळे धावतात, बलरेषा ओलांडून जाणे त्यांना अवघड असते. म्हणून सौरवाऱ्यातले चुंबकीय क्षेत्र त्या वेळी ज्या दिशेने असेल, त्या दिशेच्या दोन बाजूंनी प्रवाह आत येतात, आमच्या शेवरीच्या टोकाकडून आणि खिंडीतून येणाऱ्या धुळीसारखे. डिसेंबर १९९४ मध्ये विंड नावाचे यान चंद्रामागच्या या पोकळीतून आरपार गेले, तेव्हा त्याला आयनांचे, म्हणजे मुख्यतः प्रोटॉनांचे, असे दोन प्रवाह एकमेकांच्या विरुद्ध दिशेने येताना प्रत्यक्ष दिसले. दोन्ही प्रवाह मध्यात एकमेकांतून जातात. टक्कर होत नाही, तरी ही अवस्था शांत राहू शकत नाही. एकाच जागी दोन वेगवेगळ्या वेगांचे भारित प्रवाह असले की मधे कुठेतरी भाराची किंचित दाटी होते, ती दाटी जवळून जाणाऱ्या कणांना धरते, धरलेल्या कणांमुळे दाटी आणखी वाढते आणि लाट उभी राहते. प्रवाहांचा वेग लाटेत उतरतो, मग लाट तो वेग उष्णतेच्या रूपाने कणांना परत देते. हवेत जे काम रेणूंच्या धक्क्यांनी होते, ते इथे लाटांना करावे लागते.

यानावरच्या अँटेनाला या लाटा वेगवेगळ्या रूपांत मिळतात. काही लांबवर पसरलेल्या, काही एकच चढ आणि एकच उतार असलेल्या, उठून आपला आकार न मोडता पुढे जाणाऱ्या एकट्या लाटा. या एकट्या विद्युत-लाटा चंद्राच्या पोकळीत कशा उठत असतील, याचे सैद्धांतिक काम नवी मुंबईतल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतही झाले आहे, हे आपल्या मुलांना माहीत असायला हवे असे मला मनापासून वाटते. या संस्थेचा वारसा कुलाब्याच्या वेधशाळेपासूनचा. १८५९ च्या सप्टेंबरमधले ते प्रसिद्ध सौर वादळ तिथल्या चुंबकमापकांनी नोंदवले होते.

मला स्वतःला सर्वांत भावते ती लँगम्यूरच्या दोलनांची गोष्ट. उघड्या सौरवाऱ्यात त्यांची वारंवारता २०,००० च्या आसपास, म्हणजे ध्वनी असता तर माणसाच्या कानाच्या अगदी वरच्या कडेला. यान पोकळीत शिरू लागते तसे इलेक्ट्रॉन विरळ होतात आणि दोलन संथ होत जाते. दाटी शंभरावा हिस्सा झाली की वारंवारता दहावा हिस्सा, म्हणजे २,००० होते. यानाचा रेडिओ-ग्राहक ही वारंवारता टिपतो आणि तिच्यावरून शास्त्रज्ञ दाटी काढतात. या लाटा विजेच्या आहेत, आवाजाच्या नाहीत, हे मी वर्गात दोनदा बजावून सांगतो. तरीपण नोंदींचा आलेख डावीकडून उजवीकडे वाचताना वरचा सूर धरून ठेवलेला गवई हळूहळू खाली उतरतो, तळाशी थोडा थांबतो आणि पलीकडच्या कडेला पुन्हा वर चढतो, असेच मला ते दिसते.

समोरच्या, उन्हाच्या बाजूला लाटा नसतील असे बराच काळ मानले जात होते. सगळा वारा मातीत जिरतो, मग परत काय येणार? जपानचे कागुया यान सप्टेंबर २००७ मध्ये निघाले आणि आपले चांद्रयान-१ श्रीहरिकोट्याहून २२ ऑक्टोबर २००८ रोजी. या दोन यानांनी ती समजूत मोडली. आदळलेल्या प्रोटॉनांपैकी हजारात एकापासून शंभरात एकापर्यंत प्रोटॉन प्रोटॉन म्हणूनच परत उसळतात, हे कागुयाने दाखवले. चांद्रयान-१ वरच्या ‘सारा’ या उपकरणाने, जे स्वीडन, भारत, जपान आणि स्वित्झर्लंड या देशांतल्या संस्थांनी मिळून केले होते, त्याहून अनपेक्षित गोष्ट पाहिली: शंभरातले वीसपर्यंत प्रोटॉन मातीतून एकेक इलेक्ट्रॉन घेऊन हायड्रोजनचे उदासीन अणू होतात आणि परत अवकाशात जातात. चंद्राची माती वारा नुसता पीत नाही, त्यातला पाचवा हिस्सा रूप बदलून परत टाकते.

उदासीन अणूंना बलरेषा अडवत नाहीत, ते सरळ निघून जातात. पण उसळलेले थोडे प्रोटॉन मात्र भारित असतात आणि समोरून येणाऱ्या वाऱ्यात उलट दिशेने घुसतात. शंभरात एक ही संख्या फार लहान वाटते. बाजारच्या दिवशी सगळी गर्दी एका दिशेने चालली असताना उलट येणारी चार माणसे किती हालचाल उडवतात ते ज्याने पाहिले आहे, त्याला तशी वाटणार नाही. वाऱ्याचे चुंबकीय क्षेत्र या प्रोटॉनांना सुमारे आठशे किलोमीटर त्रिज्येच्या वळणांवर नेते, आणि त्या वाटेत त्यांच्यामुळे साधारण १०० सेकंदांच्या आवर्तनाच्या संथ चुंबकीय लाटा उठतात. त्यांच्याहून वेगळ्या, साधारण एका सेकंदाच्या आवर्तनाच्या लाटाही कागुयाला मिळाल्या, विशेषतः चंद्राच्या कवचातल्या चुंबकित खडकांच्या प्रदेशांवर. चंद्राला सर्वव्यापी क्षेत्र नसले तरी रायनर गॅमासारख्या काही ठिकाणी खडकांत जुने चुंबकत्व शिल्लक आहे. तिथे वारा जमिनीपर्यंत पोहोचण्याआधीच बराचसा परतवला जातो, आणि खाली मातीवर फिक्या रंगाची वळणावळणाची नक्षी दिसते.

एका सेकंदाच्या या लाटा व्हिसलर, म्हणजे शिट्टी या घराण्यातल्या आहेत. पहिल्या महायुद्धात शत्रूच्या दूरध्वनीवर कान ठेवून बसलेल्या सैनिकांना तारांमध्ये वरून खाली उतरत जाणाऱ्या शिट्ट्या ऐकू येत असत. ओवेन स्टोरी यांनी १९५३ मध्ये त्यांचा उगम विजेच्या लखलखाटात आहे हे दाखवले. विजेतून निघालेली लाट पृथ्वीच्या बलरेषेवरून हजारो किलोमीटर दूर जाते, आणि वाटेतल्या प्लाझ्मात वरचे सूर लवकर आणि खालचे उशिरा पोहोचतात. लहानपणी रोहिणी-मृगाच्या रात्री जळगाव आकाशवाणी लावली की सातपुड्यावर वीज चमकल्याबरोबर रेडिओत कडकड होई, आणि वडील म्हणत, पाऊस यावलच्या अंगाने येतो आहे. ती कडकड आणि ती शिट्टी दोन्ही विजेचीच लेकरे. एक हवेतून सरळ आली आणि दुसरी आकाशातल्या प्लाझ्माचा वळसा घेऊन. चंद्रावर वीज नाही. तिथे याच जातीची लाट उसळलेल्या कणांनी उठवलेली असते.

आर्टेमिस मोहिमेतल्या दोन यानांनी ही गोष्ट आणखी दूरवर नेली. ही याने मुळात पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या अभ्यासासाठी २००७ मध्ये सोडलेली. पुढे त्यांच्या कक्षेत पृथ्वीची सावली इतका वेळ पडू लागणार होती की ती गोठून बंद पडली असती, म्हणून त्यांना हळूहळू चंद्राकडे वळवले गेले आणि २०११ मध्ये ती चंद्राभोवती फिरू लागली. सावलीपासून वाचवलेल्या या दोन यानांनी पुढे चंद्राच्या सावलीतूनच असंख्य फेऱ्या मारल्या. उन्हाच्या बाजूला, चंद्रापासून हजारो किलोमीटर पुढे, जिथे वाऱ्याला चंद्राची काही चाहूल असण्याचे कारण नाही असे आपण म्हणू, तिथेही त्यांना मातीवरून परत आलेले इलेक्ट्रॉन आणि त्यांनी उठवलेल्या लाटा मिळाल्या.

इथे मला कोजागिरीविषयी थोडे सांगायचे आहे. पौर्णिमेला चंद्र पृथ्वीच्या मागे, सूर्याच्या विरुद्ध दिशेला असतो. त्याच दिशेला पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र वाऱ्याने ओढले जाऊन लांब शेपटीसारखे पसरलेले असते, आणि प्रत्येक पौर्णिमेच्या मागेपुढे मिळून साधारण चार-पाच दिवस चंद्र त्या शेपटीत असतो. म्हणजे आपण गच्चीवर दूध आटवून ज्या चंद्राची वाट पाहतो, तो त्या रात्री सौरवाऱ्यापासून आडोशाला आलेला चंद्र असतो. केळीने शेवरीच्या मागे यावे तसा तो पृथ्वीच्या मागे आलेला असतो. इतकेच नव्हे, तर कागुयाच्या नोंदींवरून २०१७ मध्ये असे जाहीर झाले की या दिवसांत पृथ्वीच्या वातावरणातून निसटलेले ऑक्सिजनचे आयन चंद्रापर्यंत पोहोचतात. उलट पोळ्याच्या अमावास्येला, जेव्हा चंद्र दिसतच नाही, तेव्हा तो सूर्य आणि पृथ्वी यांच्यामध्ये उघड्या वाऱ्यात असतो आणि त्याच्या मागची पोकळी आपल्या दिशेने पसरलेली असते. अखाजीची कोर अमावास्येला जवळची आहे. तिच्या कडेला जो काळसर, पृथ्वीच्या उजेडाने किंचित उजळलेला भाग आपल्याला दिसतो, ती चंद्राची रात्रीची बाजू, आणि पोकळी तिथूनच सुरू होते.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी विक्रम चंद्रावर उतरला, तेव्हा आमच्या महाविद्यालयाच्या सभागृहात उभे राहायला जागा नव्हती. टाळ्या झाल्या, मुले घरी गेली, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात मी त्यांना विक्रमवरच्या एका उपकरणाविषयी सांगितले, ज्याचा उल्लेख कुणाच्या तोंडी नव्हता. रंभा-एलपी हे त्याचे नाव. एलपी म्हणजे लँगम्यूर प्रोब. धातूचा एक छोटा गोळा दांड्यावर बाहेर काढायचा, त्याला वेगवेगळे विभव द्यायचे आणि किती विद्युतप्रवाह येतो ते मोजायचे, एवढीच त्याची रीत. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडच्या त्या मातीलगत प्रत्येक घन सेंटीमीटरमध्ये ३८० ते ६०० इलेक्ट्रॉन आहेत आणि त्यांचे तापमान ३,००० ते ८,००० केल्विन आहे, असे त्याच्या नोंदींवरून निघाले. सौरवाऱ्यातल्या पाचाच्या मानाने ही दाटी शंभरपट आहे. तिच्यात मोठा वाटा मातीतून सूर्यप्रकाशाने बाहेर काढलेल्या इलेक्ट्रॉनांचा असतो. विक्रमचे ते जवळजवळ बारा दिवसांचे काम चालू असतानाच ३० ऑगस्टला नारळी पौर्णिमा आली, म्हणजे त्यातले काही दिवस तो गोळा उघड्या वाऱ्यात होता आणि काही दिवस पृथ्वीच्या शेपटीत. एवढ्या थोड्या मुक्कामात दोन्ही ऋतू त्याला भेटले, याचा मला फार आनंद आहे.

आपल्याकडे ‘निर्वात’ हा शब्द आपण फार सैल हाताने वापरतो. मीही वापरला आहे. हवा नाही म्हणजे काहीच नाही, काहीच नाही म्हणजे काही घडतही नाही, अशी एक उतरंड त्या शब्दातून मुलांच्या डोक्यात आपोआप तयार होते आणि पुढे तिथे पाहण्याची इच्छाच उरत नाही. चंद्राबाबत तरी मी आता वर्गात वाक्य बदलले आहे: चंद्राला हवा नाही, म्हणून सौरवारा थेट त्याच्या मातीला शिवतो. हवा नसणे हे त्या गोष्टीचे कारण आहे, शेवट नाही, हे त्या एका ‘म्हणून’मुळे मुलांच्या लक्षात येते आणि पुढचा प्रश्न त्यांच्याकडूनच येतो.

त्या संध्याकाळी पुढचा प्रश्न भाच्याने आमच्या अहिराणीत विचारला, “मामा, मंग ती जागा कितला येळमा भरस?” कागद नव्हता, म्हणून मी बांधावर काडीने हिशेब मांडला. चंद्राची त्रिज्या १,७३७ किलोमीटर. पोकळीत आत सरकण्याचा आयनांचा वेग सेकंदाला साधारण ५० किलोमीटर धरू. कडेपासून मध्यापर्यंत यायला सुमारे ३५ सेकंद लागतील, आणि तेवढ्या वेळात वारा १४,००० किलोमीटर पुढे गेलेला असेल, म्हणजे चंद्राच्या आठ त्रिज्या. पूर्ण भरायला याहून अधिक वेळ लागतो, पण दोन्ही बाजूंचे प्रवाह मध्यात पहिल्यांदा भेटतात ते साधारण तिथे. त्याने आकडे वाचले, काडी माझ्या हातातून घेतली आणि ३५ च्या खाली रेघ ओढली. कोर आता शेवरीच्या शेंड्यांना टेकली होती. रांगेच्या टोकाकडून आणि खिंडीतून वारा येतच होता. भाचा दोन्हीकडे आळीपाळीने पाहत हळू आवाजात एकपासून मोजू लागला, आणि मी केळीच्या चौथ्या ओळीकडे पाहत उभा राहिलो.